चर्चच्या ग्रुपवर बोलणं ऐकलं, आता गप्प बसू का?

प्रश्न: ताई, आमच्या चर्चमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही घरं आहेत. ख्रिसमसच्या क्वायरचं काम माझ्याकडं आहे, मी गाण्यांची लिस्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर एका कन्नड अंकलनी सगळ्यांसमोर लिहिलं, "तुम्ही मराठीवाले चर्चच घेऊन टाका." मी अजून काही बोललो नाही. भाऊ म्हणतोय सोडू नको, आई म्हणतेय ख्रिस्ती माणसानं सोसावं. रविवारी अंकल दिसले की मी बाजूच्या दारानं सटकतोय. काय करू ओ?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: ग्रुपवर उलट लिहिलं नाहीस ते बेस केलंस. पण बाजूच्या दारानं सटकणं बंद कर, रुसवा आहे तो, आई त्याला सोसणं म्हणाली तरी. बायबलात मत्तय 18:15 मध्ये येशूनं सरळ सांगितलंय, भावानं अपराध केला तर आधी दोघंच असताना त्याच्याशी बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मंडळीपुढं, म्हणजे सगळ्या चर्चपुढं, विषय त्याच्या नंतर. आपल्याकडं सगळं उलटं, पहिलं ग्रुपवर आणि शेवटी, जमलं तर, समोरासमोर!

तर अंकलच्या घरी जा, फोन नको. "अंकल, तसं लिहिलंत ते मला लागलं, पण लिस्टमधलं काय खटकलं ते सांगा" एवढंच बोल आणि मग ऐक, मधे तोंड घालू नको. कन्नडमध्ये बोललास तर अजून चांगलं, मोडकंतोडकं चालतंय. आणि जायच्या आधी लिस्ट परत बघ, त्यात कन्नड गाणी किती ते तू पत्रात लिहिलंच नाहीस बघ.

भाषेवरनं कुरबुर पहिल्या मंडळीत पण झालेली. प्रेषितांची कृत्ये अध्याय 6 वाच, ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, त्यांना गप्प बसवलं नाही, सात माणसं निवडायला लावली, आणि स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार त्यांच्याच हातात वाटप दिलं. तू पण कन्नड गाणी निवडायचं काम अंकलच्या घरातल्यांनाच दे की, सूर लावायला पण बोलव.

तरी अंकल फुगूनच बसले तर पास्टरना घेऊन एकदा जा. रोमकरांस 12:18 मध्ये प्रेषित पौल पण म्हणतोय, आपल्याकडनं होईल तेवढं शांतीनं राहा, पुढचं अंकलच्या हातात. भावाला मात्र बरोबर नेऊ नको.