जकातदार आणि जिलोत एकाच मेजावर

प्रश्न: आदरणीय पाळकसाहेब, सलाम. मतदानाच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चच्या पाळकांनी संदेशात एका उमेदवाराचं नाव घेतलं आणि ‘त्यांना मत म्हणजे प्रभूला मत’ असं सांगितलं. माझं मत दुसरीकडे आहे आणि त्या बाजूच्या प्रचारातही मी जाते. मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात, शिकवते. हे कळल्यापासून दोघी-तिघी माझ्याशी बोलत नाहीत. येत्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, आहे. जाऊ की घरीच राहू? आणि प्रचार सोडू का?
– एक शिक्षिका

उत्तर: ताई, सलाम.

आधी प्रभुभोजनाचं सांगतो. जा, आणि नेहमीच्या बाकावर बसा. येशूच्या बारा शिष्यांत मत्तय होता. तो जकातदार, परक्या रोमी सत्तेसाठी वसुली करणारा. त्याच बारांत शिमोनही होता. लूक त्याला ‘जिलोत’ म्हणतो आणि त्या नावाला परक्या सत्तेविरुद्धच्या आवेशाचा वास आहे. शेवटच्या भोजनाला दोघंही होते. आधी त्यांचं राजकारणावर एकमत झालं आणि मग भाकर मोडली, असं एकाही शुभवर्तमानात नाही.

आता तुमच्या पाळकांबद्दल. त्यांच्यावर दगड उचलायचा मला हक्क नाही, कारण मी हेच केलं आहे. पाळक होऊन मला चार वर्षं झाली होती. एका उमेदवाराने आमच्या जागेचा अडलेला प्रश्न सोडवायचा शब्द दिला. मी मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन यश मागितलं. उपासना सुटल्यावर दारात चर्चच्या कारभारातल्या एका वृद्ध पंचबाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, “पाळकसाहेब, आजची प्रार्थना नक्की कुणाला ऐकवायची होती?” मला राग आला. उमेदवार निवडून आला. दोन वर्षांनी त्याच्याच शब्दावर गरिबांची एक वस्ती हटवली गेली. त्यात आमच्या चर्चच्या मंडळीतली घरंही होती. माणसं माझ्याकडे आली, म्हणाली, काहीतरी बोला. मी बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

बायबलमधला नाथान संदेष्टा दावीद राजाचा वैरी नव्हता, दरबारात ऊठबस असलेला माणूस होता. पण दावीदाने आपल्याच सैनिकाचा, उरियाचा, घात करवल्यावर तो राजासमोर उभा राहून ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणू शकला. मी माझं ते तोंड एका रविवारी देऊन बसलो होतो.

मग व्यासपीठावरून राजकारणाचं बोलूच नये? बोलावं की. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते, हे याकोबाचं वचन वाचल्यावर कायद्याचं आणि सरकारचं बोलणं येतंच. उमेदवाराला काय विचारावं, हे पाळकांनी जरूर शिकवावं. बोट कुठल्या चिन्हावर ठेवायचं, हे नाही.

‘राज्यकर्त्यांच्या अधीन राहा’ असं सांगणारा रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय तुम्हाला दाखवला जाईल. (सगळ्यांनाच दाखवतात.) प्रेषित पौलाने ते लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता आणि ज्यांना लिहिलं त्यांना राज्यकर्ता निवडायचा अधिकार नव्हता. तुम्हाला आहे. म्हणजे त्या अध्यायातल्या अधिकाराचा एक लहानसा तुकडा तुमच्याही हातात आहे आणि त्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला जाईल, पाळकांकडे नाही.

मंडळी एका नेत्याच्या मागे गेली की काय होतं, ते जर्मनीत दिसलं. जुलै १९३३ मध्ये तिथे प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या अंतर्गत निवडणुका होत्या. आदल्या दिवशी हिटलर स्वतः रेडिओवर आपल्या बाजूच्या ख्रिस्ती गटासाठी बोलला आणि तो गट मोठ्या बहुमताने जिंकला. पुढच्या मे महिन्यात बार्मेन इथे काही जणांनी जाहीर केलं की मंडळीने ऐकावं असं देवाचं वचन एकच, येशू ख्रिस्त. लिहिणाऱ्यांत ईश्वरविद्येचे अभ्यासक कार्ल बार्थ प्रमुख होते. धाडसाचं काम होतं. पण त्या जाहीरनाम्यात यहुद्यांच्या छळाबद्दल अक्षर नव्हतं आणि तो आपला दोष असल्याचं बार्थनी पुढे कबूल केलं. सत्तेपासून मंडळी वाचवायला निघालेल्यांनाही शेजारी दिसला नाही, हे मला त्या विजयी गटापेक्षा जास्त अस्वस्थ करतं. कारण त्या लोकांत मी स्वतःला सहज पाहू शकतो.

प्रचार सोडू नका. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्बरफोर्स १७८० मध्ये ब्रिटनच्या संसदेत गेले. पुढे श्रद्धेने त्यांचं मन पालटलं तेव्हा त्यांना वाटलं, आता हे सोडून चर्चच्या सेवेत जावं. त्यांना तिथेच राहा असं सांगणारे जॉन न्यूटन धर्मगुरू होते आणि एकेकाळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ मध्ये झाला. गुलामगिरी संपवणारं विधेयक १८३३ मध्ये संसदेत पुढे सरकलं, तेव्हा विल्बरफोर्स मृत्युशय्येवर होते. फक्त शब्बाथ शाळेत पक्षाचा बिल्ला लावून जाऊ नका आणि मुलांना विरोधी उमेदवाराचे किस्से सांगू नका. पाळकांचं जे तुम्हाला खुपलं, तेच लहान प्रमाणात तुमच्याकडून होईल.

पाळकांना मात्र भेटा, आणि एकट्याच जा. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात तसंच सांगितलं आहे. शिवाय चार जणी सोबत नेल्या की त्याचा मोर्चा होतो. एवढंच मागा, की पुढच्या रविवारी प्रार्थनेत सगळ्या उमेदवारांसाठी मागणी करा, नाहीतर कुणाचंच नाव घेऊ नका. ते चिडले तर मला लिहा. मीही चिडलो होतो. पंचबाईंकडे जायला मला तीन वर्षं लागली.