सोलापूरच्या उन्हाळ्यात एआरएफ (जवळजवळ तयार मिळणाऱ्या, थोडी जोडणी करून उडवायच्या मॉडेल) विमानाच्या पंखावरील फिल्मला, म्हणजे उष्णतेने आकसणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ आवरणाला, सुरकुत्या पडल्या आहेत. जोडणीआधी ती बदलावी का?

बदलण्याची गरज नाही. सुती कापड गुंडाळलेल्या छोट्या इस्त्रीने आधी कडा आणि सांधे दाबून चिकटवावेत व मगच मधला भाग ताणून घ्यावा, कारण क्रम उलटा झाला तर आकसणारी फिल्म सैल कडेपासूनच सुटून येते. कोरड्या हवेत पंखाच्या सांगाड्याचे हलके बाल्सा लाकूड किंचित आकसते आणि मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे गेला की त्यावरची फिल्म ढिली पडते, हे मी स्वतः जोडलेल्या विमानांवर पाहिले आहे. सुरुवात 100 अंश सेल्सिअसच्या आसपास करून उष्णता हळूहळू वाढवावी. एकाच बाजूला जास्त ताण दिल्यास पंखाला पीळ बसतो, आणि तो सुरकुतीपेक्षा कितीतरी घातक. मात्र फोमच्या विमानाला इस्त्री मुळीच लावू नये.