सूची स्वतःच्या हातानं कर

नाशिक

प्रिय,

तुझा मेल मिळाला. फड पद्धतीवरच्या, म्हणजे नदीवर बंधारा घालून पाटाचं पाणी गावानं पाळीनं वाटून घेण्याच्या रीतीवरच्या, तुझ्या इंग्रजी पुस्तकाबद्दल दोन्ही परीक्षकांनी प्रकाशनसंस्थेला दिलेले अहवाल वाचले, कराराचा मसुदाही वाचला. तू एका दमात पुष्कळ विचारलं आहेस. दुसऱ्या परीक्षकाला काय उत्तर देऊ, करारावर सही करू का, फोटोंच्या परवानग्या कुणाकडून घ्यायच्या, आणि कॉलेजातल्या सरांनी सुचवलेल्या त्या ‘पंधरा दिवसांत पुस्तक’वाल्याकडे जाऊ का. अगदी शेवटी, जाता जाता एक वाक्य टाकलं आहेस: ‘सूची सॉफ्टवेअर करून देतं म्हणे, त्यामुळे ती काळजी नाही.’

मला काळजी तिचीच आहे, पुस्तकाच्या शेवटी कुठला विषय आणि कुठलं नाव कुठल्या पानावर ते सांगणाऱ्या त्या सूचीची. म्हणून सुरुवात तिथूनच करते. सूची तू करायचीस, स्वतःच्या हातानं आणि दोनदा: एकदा आत्ता, उत्तर लिहायला बसण्याआधी, आणि एकदा पानं लागून प्रूफं हातात आल्यावर.

‘आत्ता कशाला?’ म्हणशील. दुसरा परीक्षक म्हणतो की भूमिहीन मजूर आणि बायका तिसऱ्या प्रकरणानंतर दिसेनाशा होतात. तू रागावली आहेस. ‘त्यांनी नीट वाचलेलंच नाही, मी सगळ्या गावाबद्दल लिहिलंय,’ असं मला कळवलंस. अगं, त्यांनी नीट वाचलं आहे. तुझं हस्तलिखित माझ्याकडे होतंच. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि एकेका विषयाला एकेक चिठ्ठी घेऊन बसले. पान क्रमांक अजून पक्के नाहीत, म्हणून प्रकरण आणि परिच्छेद टिपत गेले. ‘पाटकरी’, म्हणजे शेतांना पाणी सोडणारा, त्याची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली. पाटकऱ्यांवर देखरेख करणारा ‘हवालदार’, पिकं राखणारा ‘जागल्या’ यांच्याही नोंदी सगळ्या प्रकरणांतून येतात. ‘बंधारा’ला तर चिठ्ठीच पुरेना, त्यातून ‘दुरुस्ती’, ‘वर्गणी’, ‘पुरानं फुटणं’ अशा पोटनोंदी काढाव्या लागल्या. मग ‘स्त्रिया’ची चिठ्ठी बघितली. दुसऱ्या प्रकरणात दोन नोंदी, तिसऱ्यात निंदणीच्या मजुरीची एक, आणि पुढे समारोपापर्यंत कोरी. ‘भूमिहीन’ची तीच गत. आणि समारोपात तू लिहितेस की फड पद्धतीत पाणी सगळ्या गावाचं होतं. सगळ्या गावात कोण कोण आलं, ते त्या कोऱ्या चिठ्ठीवर दिसतं.

हे मी तुला शंभर वेळा सांगितलं असतं तरी तू वाद घातला असतास. परीक्षकानं सांगितलं तर डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या हातानं चिठ्ठी भरताना ती रिकामी राहिली असती, तर तू गुपचूप उठून वहीतल्या मुलाखती पुन्हा काढल्या असत्यास. म्हणून म्हणते, आत्ता कर. परीक्षकाला द्यायचं उत्तर सूची करता करताच तयार होतं. कुठल्या मुद्द्यावर त्यांचं ऐकायचं आणि कुठे ठामपणे ‘नाही’ म्हणायचं, हे त्या चिठ्ठ्यांवरून ठरव. त्यांचा तापी खोऱ्याबाहेरच्या तुलनेचा आग्रह मलाही पटत नाही. तुझं पुस्तक त्याच खोऱ्यातल्या मोसम आणि आरम नद्यांचं आहे, ते तसंच राहू दे. तसं सविनय लिही, कारण दे, संपादकांना चालतं.

आता सॉफ्टवेअर. ते अक्षरं शोधतं. ‘पाणी’ दे म्हटलं तर प्रत्येक पान देईल. पण चौथ्या प्रकरणात नामपूरच्या बाजूचा तो रात्रीचा प्रसंग तू लिहिला आहेस ना, पाण्याची पाळी वरच्या फडाची, म्हणजे शेतांच्या गटाची, की खालच्या यावरून कंदील घेऊन दोन्हीकडची माणसं पाटावर जमतात तो, त्यात ‘वाद’ हा शब्दच नाही. ‘पाळी’ एकदाच येतो. वाचक ‘पाणीवाटपाचे वाद’ शोधायला येणार, आणि तुझ्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान त्याला सापडणार नाही. ते पान त्या नोंदीखाली लिहिणारं माणूस लागतं. तेही ज्यानं ते पान लिहिलं तेच. व्यावसायिक सूचीकार कामाला पक्के असतात, प्रकाशनसंस्था त्यांचं मानधन तुझ्या मानधनातून वळतं करून घेते, तशी तरतूद तुझ्या मसुद्यातही आहे. पण सूचीकाराला सटाणा तालुका ठाऊक नसतो. तुला आहे.

तू इथे शिकायला होतीस तेव्हा रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे गेलीच असशील. बाहेरगावचा यात्रेकरू आला की ते विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय. मग गाठोड्यातून नेमकी एक वही निघते, पानं उलटतात, आणि पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव समोर येतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या नामावळी गावावर, आडनावावर लावलेल्या नसत्या तर नुसती रद्दी झाली असती. लिहून ठेवणं निम्मं काम आहे, विचारणाऱ्याला सापडेल असं लावणं उरलेलं निम्मं. तू निम्म्या कामावर सही करायला निघाली आहेस.

नावांचंही बघ. सूची करायला बसलीस की प्रत्येक माणसाला नाव लागतं. जुन्या कागदांतली माणसं ‘अमका बिन तमका’ अशी येतात, आडनाव नसतं. त्यांना पहिल्या नावाखाली लाव आणि सूचीच्या डोक्यावर दोन ओळींत तसं सांग. इंग्रजी कागदांत, १८८३ च्या गॅझेटियरपासून, आपल्या गावाचं स्पेलिंग वेगळं आहे. ते रूप घेऊन शोधणारा वाचकही येईल, त्याच्यासाठी ‘पाहा’ अशी नोंद हवी. मराठी आवृत्ती निघेल तेव्हा वर्णक्रमाकडे स्वतः लक्ष दे. संगणक नुसत्या सांकेतिक क्रमानं लावतो तेव्हा ळ हा ल च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. क्ष आणि ज्ञ कुठे घ्यायचे तेही आधी ठरवून टाक. आणि पाचव्या प्रकरणातली ती म्हातारी. ‘एका पाटकऱ्याची विधवा’ एवढीच ती येते. तिनं सांगितलेल्या धान्याच्या मापांवर तुझं अर्धं प्रकरण उभं आहे. सूचीत तिला कुठल्या अक्षराखाली बसवशील? जाऊन विचार तिला, नाव छापलेलं चालेल का. ‘नको’ म्हणाली तर तिचा मान राख. पण तू विचारलंच नसशील असं मला वाटतं.

मी एवढं का तोडून बोलते, ते तुला कळायला हवं. माझ्या पहिल्या पुस्तकाची सूची मी केली होती. घाटावरच्या दानपत्रांची, देणगीदारांची, धर्मशाळांची, सगळी. पुस्तक छापायला गेलं आणि प्रकाशकांनी कळवलं, सूचीमुळे एक फॉर्मा वाढतो. सोळा पानांचा खर्च. मला न विचारता ती काढून टाकली, आणि बांधलेल्या प्रतीच हातात दिल्या. करारात सूचीबद्दल अक्षर नव्हतं, त्यामुळे बोलायला जागा राहिली नाही. पुढे एक मुलगा मला भेटायला आला. स्त्रियांनी बांधलेल्या घाटांवर काम करत होता. म्हणाला, मॅडम, तुमच्या पुस्तकात यावर काही मिळालं नाही. त्याला हवी ती माहिती पुस्तकात होती, सात ठिकाणी विखुरलेली. त्याचा प्रबंध तोवर सादर झाला होता. ती गोष्ट मला अजून सलते.

तेव्हापासून करारात सूचीचं कलम असल्याशिवाय मी सही केलेली नाही. दुसरं पुस्तक त्यापायी कितीतरी वर्षं कपाटात राहिलं. विभागात लोक म्हणत, बाई हट्टी आहेत, चार पानांसाठी बढती घालवली. बढती गेली हे खरं. पण ज्यांची पुस्तकं धडाधड आली त्यांच्या पुस्तकांत आज मला एक संदर्भ शोधायचा तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवावं लागतं. माझं दुसरं पुस्तक सार्वजनिक वाचनालयात आहे. १८४० पासूनची ती संस्था, तिथे अभ्यासाला बसणारी पोरं ते मागून उघडतात, हवं ते पान काढतात, टिपून घेतात. मी बरोबर होते. आणि हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणत नाही. हां, एवढं खरं की त्या उशिरामुळे ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यातले दोघेजण पुस्तक बघायला राहिले नाहीत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही तुला हेच सांगेन.

करार. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याचं एकोणिसावं कलम एकदा मराठीत किंवा इंग्रजीत समोर घेऊन बस. हक्क दिल्याचं लेखी असावं लागतं, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतात. तुझ्या मसुद्यात मात्र ‘सर्व भाषा, सर्व जग, हक्काची पूर्ण मुदत’ असं स्पष्ट लिहिलं आहे. पूर्ण मुदत म्हणजे तुझ्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. म्हणजे मोसमकाठच्या लोकांनी हे पुस्तक मराठीत मागितलं तर तुला स्वतःच्या पुस्तकाची परवानगी दुसऱ्याकडे मागावी लागेल. मराठी अनुवादाचा हक्क स्वतःकडे ठेव. पत्र लिहून माग, विद्यापीठीय प्रकाशनं बहुतेक वेळा हे मान्य करतात, त्यांना मराठी आवृत्तीचा धंदा करायचा नसतो. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की त्यांच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, ते विचारून घे. दोन्हींत पुष्कळ फरक पडतो. तरी या पुस्तकातून पैसे मिळतील अशी आशा ठेवू नकोस.

आणि त्याच पत्रात कलम घालायला सांग: लेखिकेनं केलेली सूची तिच्या लेखी संमतीशिवाय वगळली किंवा कमी केली जाणार नाही.

फोटोंचं सोपं आहे. ज्यानं काढला त्याची लेखी परवानगी, पुराभिलेखागारातल्या नकाशाला त्यांची. आता माग, प्रूफं आल्यावर धावपळ करू नकोस, महिने लागतात.

त्या पंधरा दिवसांवाल्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळतो हे तो मोठ्या तोऱ्यात सांगतो. तो क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते, फुकट देते, आणि पुस्तक चांगलं की वाईट याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुझा प्रबंध शोधगंगेवर, त्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहेच, कुणीही उतरवून घेतो. तोच पुठ्ठ्यात बांधून द्यायला तू पैसे का मोजायचेस? मुलाखतीत गुण मिळतील म्हणून? मुलाखत घेणाऱ्यांत एक जरी वाचणारा निघाला तर पुस्तक हातात घेऊन मागची पानं उघडेल आणि तिथे काहीच नसेल. मला माहीत आहे, घरची ओढाताण आहे, भावाचं शिक्षण आहे, तासिका तत्त्वावरच्या पैशात भागत नाही. त्यासाठी काय करता येईल ते आपण बोलू, मी दोन ठिकाणी शब्द टाकलाही आहे. पण पुस्तकाची वाट ही नाही.

पानं लागून प्रूफं येतील तेव्हा साधारण दोन-तीन आठवडे मिळतात, कधी त्याहून कमी. त्या काळात दुसरं काही हाती घेऊ नकोस, लग्नाकार्यालाही जाऊ नकोस. तेव्हा वाक्यं सुधारायची नाहीत, एक परिच्छेद हलला की पुढचे सगळे आकडे हलतात. तेव्हा फक्त आत्ताच्या चिठ्ठ्यांवर खरे पान क्रमांक चढवायचे. एका नोंदीपुढे सात-आठ आकड्यांची रांग झाली तर ती फोडून पोटनोंदी करायच्या, नुसत्या आकड्यांची माळ कुणाच्या कामाची नाही. आत्ता चिठ्ठ्या केल्या असतील तर हे होतं. नसतील तर शेवटच्या रात्री तू सॉफ्टवेअरकडेच जाशील, मला माहीत आहे.

परीक्षकांना उत्तर द्यायला महिना आहे तुझ्या हातात. पहिले दहा दिवस चिठ्ठ्यांना दे. मी केलेल्या चिठ्ठ्या तुला देणार नाही, मागू नकोस. तुझ्या झाल्या की घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून बघू. रविवारी दुपारनंतर मी घरीच असते. येताना करार आण, सही न करता. आणि त्या म्हातारीकडे आधी जाऊन ये.

तुझी,
मॅडम