इमारत पाडली, तर भाडेहक्कही जातो का?

प्रश्न : लातूरला गंजगोलाईजवळच्या जुन्या दगडी इमारतीत वडिलांपासून आमचे हॉटेल व लॉज भाड्याने चालू आहे. आता महापालिकेने इमारत धोकादायक ठरवून पाडण्याची नोटीस दिली आहे. मालक भाडे घेत नाहीत. "रिकामी करा, नव्या इमारतीत बघू," असे तोंडी सांगतात. ही वास्तू वाचेल का, आणि आमचे काय?

उत्तर : वास्तू आणि भाडेहक्क हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, कारण पहिल्यात यश आले नाही तरी दुसरा हातचा जाण्याचे कारण नाही.

केवळ जुनेपणामुळे इमारतीला संरक्षण मिळत नाही. तिचे नाव वारसा यादीत आहे का, हे नगररचना विभागात तपासा. १९९३ च्या किल्लारी भूकंपात गॅलरीची एक सागवानी तुळईही हलली नाही, असे आपण लिहिता. परंतु तेवढ्यावरून आजची मजबुती सिद्ध होत नाही. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर देऊन तपासणी अहवालाची प्रत मागा आणि दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्वतंत्र अहवाल जोडा. मुंबईच्या वॉटसन हॉटेलची, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शनची, इमारत पाडावी असा तज्ज्ञ अहवाल आला होता, तरी पुढे दुसऱ्या तज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते असे मत दिले. तेव्हा पहिला अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. महापालिकेने ऐकले नाही, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते.

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार पुनर्बांधणीसाठी ताबा मागणाऱ्या मालकाला मंजूर नकाशे व पुरेसा पैसा असल्याची न्यायालयाची खात्री पटवावी लागते, आणि भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मागण्याचा हक्क राहतो. ही कटकट नको म्हणून काही मालक वर्षानुवर्षे गळती दुरुस्त करीत नाहीत आणि मग महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील, म्हणजे धोकादायक इमारत पाडण्याच्या, नोटिशीची वाट पाहतात. आपल्या प्रकरणात तसेच झाले असे मी म्हणत नाही, परंतु दुरुस्तीसाठी आपण पाठवलेली जुनी पत्रे या दृष्टीने मोलाची आहेत. शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, इमारत पाडली गेली एवढ्यानेच भाडेहक्क संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात इमारतीखालची जमीनही येते.

हा निकाल कामी यायचा, तर कागद हवेत. मालक भाडे नाकारत असले तरी ते दरमहा मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावती जपा. थकबाकीचे निमित्त त्यांच्या हाती देऊ नका. वडिलांच्या वेळच्या पावत्या जुन्या हैदराबाद भाडे कायद्याच्या काळातल्या असल्या तरी फेकू नका. तळमजल्याची भट्टी, वरच्या खोल्या, जिना या साऱ्यांचे मोजमाप महापालिकेच्या अभियंत्यासमोर करून पंचनाम्याची प्रत घ्या आणि छायाचित्रे काढा. "भाडेहक्क अबाधित ठेवून, अमुक चौरस फुटांचा ताबा देत आहे," अशी मालकाची सही असलेली पावती मिळाल्याखेरीज किल्ली देऊ नका. सही नाकारल्यास तोच मजकूर वकिलामार्फत स्पीड पोस्टने पाठवा.

मात्र स्वतंत्र अहवाल येईपर्यंत वरच्या खोल्यांत मुक्कामी गिऱ्हाईक ठेवणे आजच थांबवा. नोटीस हाती असताना अपघात झाला, तर फौजदारी जबाबदारी आपल्यावरही येऊ शकते.