मनातलं विचारा : ‘मान वळवली की डोक्यात करंट लागतो’

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४६, शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली आणि मी पार खचले. मशीनवर बसायचे, पण पाय हलायचा नाही. भाकरी तव्यावर करपायची आणि मी बघत राहायचे. जळगावच्या डॉक्टरांनी रात्री एक गोळी सुरू केली. दोन-तीन महिन्यांत मी माणसात आले. पुढे ते डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले. मेडिकलवाला ओळखीचा, त्यामुळे जुनी चिठ्ठी दाखवून मी गोळी आणत राहिले.

या चैत्रात गावातल्या बायांबरोबर सप्तशृंगीच्या गडावर पायी निघाले. वाटलं, एवढं चालवतंय म्हणजे मी बरी आहे, आणि आईच्या दारी जाताना गोळ्या कशाला? पाकीट मुद्दाम घरी ठेवलं. धुळ्यापर्यंत काही नाही. चौथ्या दिवशी मालेगावच्या अलीकडे चक्कर आणि मळमळ सुरू झाली. मागून गाडी आली म्हणून मान वळवली की डोक्यात चर्रर्र व्हायचं, पंपाच्या स्टार्टरला ओला हात लागल्यासारखं. रात्री स्वप्नं इतकी खरी की घामाघूम होऊन उठायचे. बाया म्हणाल्या, ऊन लागलं. एक आजी म्हणाली, काहीतरी नवस राहिला असेल. दर्शन झालं, पण गडावर मी नुसती रडत होते आणि कशासाठी ते मलाच कळत नव्हतं. घरी येऊन आठ दिवस झाले. करंट चालूच आहे, आता हात थरथरतो, सुईत दोरा ओवता येत नाही, झोप नाही. घरचे म्हणतात, सुटली ना गोळी, आता सोस थोडं. आजार परत आला का? की मला गोळीचं व्यसन लागलं होतं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक सुरतहून येणार आहे. तिने मला असं बघायला नको.

— एक बहीण, ता. अमळनेर

उत्तर : ताई, संपादकांनी तुमचं पत्र मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी ओपीडीत होते. ‘हात थरथरतो’ हे शब्द आले आणि मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, अंक निघेपर्यंत थांबू नका, त्यांना आत्ता फोन लावा आणि पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला सांगा. तुम्ही वाचलीत. एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम, आणि त्याखाली क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. एका गोळीत दोन औषधं, पहिलं नैराश्यावरचं, दुसरं झोप आणि घबराटीवरचं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही दिराबरोबर धुळ्याला आलात आणि आपण समोरासमोर बोललो. तुमच्या परवानगीने ते इथे लिहिते, कारण ही दोन नावांची गोळी आपल्याकडे किती घरांतल्या फडताळात आहे ते मला रोज दिसतं.

ताई, तुमचा नवस राहिलेला नाही. उन्हाने चक्कर वाढली असेल, पण डोक्यातला करंट उन्हाचा नव्हता. दोन वर्षं रोज मिळणारी दोन औषधं एकाच रात्री बंद झाली, त्याचा हा परिणाम.

एस्सिटॅलोप्राम शरीरातून साधारण तीस तासांत निम्मं होतं, पुढच्या तीस तासांत त्याचंही निम्मं. तुम्ही धुळ्यात मुक्कामाला होतात तेव्हा बरंचसं औषध रक्तात होतं, म्हणून तिथवर काही झालं नाही. चौथ्या दिवशी जेमतेम दहावा हिस्सा उरला. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि ते परत ओढून घेणारे पंपही त्यांच्याच अंगावर असतात. ही गोळी त्या पंपांना अडवते. दोन वर्षांत मेंदूने आपला सगळा कारभार अडवलेल्या पंपांच्या हिशेबाने लावून घेतला होता. चार दिवसांत पंप मोकळे झाले, मेंदूला मात्र कारभार बदलायला आठवडे लागतात. चक्कर, मळमळ, रडू, चिडचिड, भडक स्वप्नं आणि डोळे किंवा मान फिरवली की लागणारा करंट, हे सगळं त्या मधल्या काळातलं आहे.

क्लोनाझेपाम त्याहून सावकाश उतरतं. थरथर आणि गेलेली झोप घरी आल्यावर वाढली, त्यात त्याचा हात असणार. मला धास्ती वाटली ती त्याचीच. हे औषध दीर्घकाळ घेऊन एकदम तोडलं तर एखाद्याला फिट येऊ शकते. चैत्राच्या उन्हात, आग्रा रोडच्या कडेने, शेजारून ट्रक जात असताना तुम्ही चालत होतात हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

‘करंट’ हा शब्द मी आज जसा ऐकते तसा पूर्वी ऐकत नव्हते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत शिरपूरकडची एक बाई आली होती. म्हणाली, ‘ताई, डोकामा करंट लागस.’ तिने पॅरॉक्सेटिन आठ दिवसांपूर्वी बंद केलं होतं. नैराश्याच्या औषधांमध्ये थांबवताना सर्वांत जास्त त्रास देणाऱ्यांपैकी ते एक. मी कागदावर ‘घबराट’ लिहिलं, आजार उलटला असं तिला सांगितलं आणि डोस वाढवून दिला. दोन दिवसांत तिला बरं वाटलं, त्यावरून तरी मला समजायला हवं होतं. पुढे वर्षभर ती बाई आपण आता कधीच बऱ्या होणार नाही असं धरून जगली. ती शब्दन् शब्द खरं सांगत होती आणि मी ऐकलं नाही. आता कुणी करंट म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, गोळी कधी थांबवली?

तुम्ही विचारलंत, आजार परत आला का. तुमचा आजार कसा आला होता ते आठवा. आई गेल्यावर आठवड्यामागून आठवडे, हळूहळू. पाय हलेना, भाकरी करपली. तेव्हा करंट नव्हता, चक्करही नव्हती. आजार उलटतो तो असाच, पावलं न वाजवता, बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. गोळी सुटल्याचा त्रास दिवसांत येतो, अंगात नवीनच काहीतरी घेऊन येतो आणि गोळी पुन्हा सुरू केली की बहुधा दोन-चार दिवसांत ओसरतो. नैराश्य असं दोन दिवसांत हटत नाही, त्याला औषध लागू पडायलाच दोन ते चार आठवडे जातात. तुम्ही गोळी पुन्हा घेतल्यावर तिसऱ्या दिवशी फोन केलात, ‘डोकं शांत झालं.’ तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

आणि व्यसन? एस्सिटॅलोप्रामसाठी तुमचा जीव कधी कासावीस झाला नाही, एकाच्या दोन गोळ्या कराव्यात असं कधी वाटलं नाही. शरीराला सरावाचं झालेलं औषध अचानक गेलं, त्याला व्यसन म्हणत नाहीत. क्लोनाझेपामबद्दल मात्र मी असं छातीठोकपणे सांगणार नाही. ते थोड्या दिवसांसाठीचं औषध आहे. जुन्या चिठ्ठीवर दोन वर्षं चालू राहायला नको होतं. चूक तुमची नाही. आपण रोज काय गिळतो हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

गोळ्या थांबवणाऱ्या सगळ्यांनाच असं होतं असं समजून कुणी घाबरू नये. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात ७९ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. नैराश्याचं औषध थांबवणाऱ्या शंभरातल्या ३१ जणांना काही ना काही त्रास झाला. पण नकळत खोटी, म्हणजे औषधच नसलेली, गोळी घेऊन ती थांबवणाऱ्यांतही १७ जणांना झाला होता. म्हणजे निव्वळ औषधामुळे साधारण सहा-सातांत एकाला. खूप तीव्र त्रास पस्तिसांत एकाला. त्यातले बरेच अभ्यास थोडे महिने औषध घेतलेल्यांचे होते, तेव्हा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी जास्त जपावं असं माझं मत आहे.

आता उतरायचं कसं. ‘दहाची पाच केली, पंधरा दिवसांनी बंद’ असं आम्हीच पूर्वी सर्रास सांगायचो. त्यातली गफलत २०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी नीट मांडून दाखवली. एस्सिटॅलोप्रामची सख्खी बहीण म्हणजे सिटॅलोप्राम. तिचे २० मिलिग्रॅम घेतले तर मेंदूतले सुमारे ८० टक्के पंप अडतात. ९ मिलिग्रॅमवर आलात तरी ७० टक्के अडलेलेच. अगदी सव्वादोन मिलिग्रॅमवरही सुमारे ४० टक्के. म्हणजे वरची निम्मी गोळी काढली तर मेंदूला फारसं कळत नाही आणि शेवटचा तुकडा सोडला की मोठा खड्डा लागतो. म्हणून शेवटी शेवटी तुकडे लहान हवेत आणि मधला वेळ जास्त. ‘एवढीशी तर राहिली’ म्हणून तीच फेकून देणारे सर्वांत जास्त फसतात.

तुमच्यासाठी मी काय ठरवलं ते लिहिते, पण दुसऱ्या कुणी ते जसंच्या तसं उचलू नये. दोन औषधं आता दोन वेगळ्या गोळ्यांत आहेत. पहिला महिना काहीच कमी करायचं नाही. आखाजी होऊ द्या, लेक सासरी जाऊ द्या, ऊन उतरू द्या. मग आधी क्लोनाझेपाम, पाव मिलिग्रॅमच्या गोळीवर, तिथून हळूहळू आणखी खाली. ते पूर्ण सुटून झोप ठरल्यावर एस्सिटॅलोप्राम : दहाची पाच, पाचची अडीच, आणि गरज पडली तर त्याचाही अर्धा. प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. दोन्ही एका वेळी कधीच कमी करायची नाहीत. करंट परत आला तर मागच्या पायरीवर जायचं आणि तिथे थांबायचं. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. पुढचं वर्ष यात गेलं तरी जाऊ द्या.

गोळी दाताने किंवा सुरीने तोडू नका. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत दोन गोष्टी लिहा, गोळी किती घेतली आणि करंट आला की नाही. तीन आठवड्यांनी ते पान बघितलं की ‘मला काही फरकच नाही’ असं वाटणं कमी होतं. करंट असेल त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, विहिरीच्या काठाशी जायचं नाही. मशीनवर सरळ शिलाई चालेल, कात्रीचं बारीक काम दुसऱ्या दिवसावर टाका. पाणी भरपूर प्या, ताकात मीठ घाला (रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून). या औषधांनी काहींच्या रक्तातलं सोडियम उतरतं, साठीपुढे जास्त, आणि आपल्या मे महिन्यात चक्करेचं ते वेगळंच कारण असू शकतं. तुमचं सोडियम मी तपासलं, ते ठीक आहे. झोप येत नाही म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका.

‘सोस थोडं’ म्हणणाऱ्या घरच्यांना माझा निरोप आहे. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी त्यांनी तुम्हाला अशी सोडू दिली असती का? फिट आली, सलग रात्री झोपच लागली नाही किंवा तोंडातून ‘जगून काय करू’ असे शब्द निघाले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्रीबेरात्री १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आखाजीच्या झोक्यावर बसण्याचं तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतं, उठता उठता हळूच विचारलंत. चक्कर पूर्ण थांबून आठवडा झाला असेल तर बसा, असं मी म्हटलं होतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. लेक सुरत-भुसावळ गाडीने अमळनेरला उतरली, लिंबाला झोका बांधला होता, तुम्ही आधी तिला झोका दिलात आणि मग स्वतः बसलात. कॅलेंडरवर त्या दिवशी करंटच्या जागी काय लिहिलंत ते मी इथे सांगत नाही, ते तुमचं आहे.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त. तीन वर्षांपासून व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाची ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल घेतो. आता कमी करावी म्हणतो. एक दिवसाआड घेतली तर चालेल का? की उघडून अर्धी भुकटी घेऊ?

— एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, दोन्ही नको. हे औषध काही तासांतच निम्मं उतरतं. एक दिवसाआड घेतलंत तर दर दुसऱ्या दिवशी गोळी सुटल्याचा त्रास नव्याने भोगाल. कॅप्सूलच्या आत जे असतं ते दिवसभर सावकाश सुटावं म्हणून बनवलेलं असतं, कुटलं किंवा चावलं तर ते एकदम अंगात जातं. साडेसदतीस मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते, पहिली पायरी बहुधा तीच असेल, पण ती तुमच्या डॉक्टरांनी लिहून द्यायची. याने रक्तदाबही वाढू शकतो, तेव्हा तोही त्याच भेटीत मोजून घ्या. आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून बरोबर न्या, नुसती नावं सांगू नका.