वाचकांचे प्रश्न : इम्प्रेशनिस्ट संगीत, ऐकताना आणि वाजवताना

प्रश्न : फ्रेंच संगीतकार देब्युसी ऐकताना सूर अधांतरी राहतात, षड्जावर परतच येत नाहीत असं वाटतं. हे नेमकं कशामुळे?

उत्तर : षड्जाकडे ओढून नेणारे स्वरच तो काढून टाकतो, म्हणून. पेटीवर किंवा कीबोर्डवर पांढरी १, २, ३ आणि लगेच काळी ३, ४, ५ ओळीने वाजवा. आपल्या नावांनी हे सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. यात पंचम नाही, म्हणून षड्जाला आधार नाही. शुद्ध निषाद नाही, म्हणून सा येण्याची हुरहुर नाही. शिवाय लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर सगळीकडे सारखं, त्यामुळे सहापैकी कुणालाही सा म्हणा, चालतं. कान घर शोधत असतो आणि सहाही दारं त्याला एकसारखी दिसतात.

१९१० साली आलेल्या 'प्रेल्यूड्स' या छोट्या पियानो रचनांच्या संग्रहाच्या पहिल्या भागात 'व्वाल' ही रचना आहे (फ्रेंचमध्ये याचा अर्थ पडदे किंवा शिडं). ती जवळजवळ सगळी याच सहा स्वरांत आहे. मध्ये मोजके काही क्षण फक्त काळ्या पट्ट्यांचे पाच स्वर येतात, आणि खाली खर्जात काळी ५ पुन्हापुन्हा वाजत राहते. मात्र नुसते हे सहा स्वर घोळत बसलात तर दोन मिनिटांत कंटाळा येईल, कारण ताणच नाही तर सुटका कशाची? देब्युसीही इतरत्र ते चवीपुरतेच वापरतो.

दुसरी युक्ती कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची. सा-ग-प धरा आणि बोटांचा आकार न बदलता हात तसाच वर-खाली सरकवा. पाठ्यपुस्तकी हार्मनीत (एकत्र स्वरांच्या मेळाच्या शास्त्रात) हे निषिद्ध, कारण सगळे आवाज एकाच दिशेने गेले की प्रत्येकाची स्वतंत्र चाल हरवते. देब्युसीला तेच हवं असतं. कॉर्ड म्हणजे त्याच्यासाठी जाड केलेला एक सूर. समुद्रात बुडालेल्या कॅथिड्रलवरच्या त्याच्या प्रेल्यूडमध्ये हे अगदी उघड ऐकू येतं.

प्रश्न : मी पियानोवर देब्युसीचं 'क्लेर द ल्यून' वाजवते, पण सगळा गिचमिड आवाज येतो. सूर लांबवणारं पेडल कमी करू का?

उत्तर : कमी नको, वेळेवर बदला. आधी फक्त सर्वात खालचे स्वर वाजवून खालची चाल कुठे बदलते ते कागदावर खुणा करून घ्या. नवा खालचा स्वर दाबला जातो त्याच क्षणी पाय उचला आणि पट्टी खाली असतानाच पुन्हा दाबा. पाय आधी उचललात तर मध्ये भोक पडतं, उशिरा उचललात तर जुना कॉर्ड नव्यात मिसळतो. तुमचा चिखल बहुधा या दुसऱ्या चुकीचा असावा.

रोज एकदा पूर्ण रचना पेडलशिवाय वाजवा. बोटांनी सूर जोडता येत नसतील तर ते लगेच उघडं पडेल. कॉर्डमध्ये वजन वरच्या स्वरावर, बाकीचे नुसते स्पर्शाने. आणखी एक खोड: ताल ९/८ आहे, म्हणजे प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, पण अधूनमधून त्याच ठोक्यात दोनच समान स्वर येतात. घाईत त्यांचेही 'लांब-आखूड' होतात आणि रचना डुलायला लागते.

प्रश्न : चित्रकार मोनेच्या चित्रांवरूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं ना?

उत्तर : हो, पण कौतुक म्हणून नव्हे. १८७४ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनानंतर चित्रकारांना चिकटलेला तो टोमणा होता. १८८७ साली फ्रेंच कला अकादमीने देब्युसीच्या 'प्रँतां' या रचनेवर लिहिताना 'धूसर इम्प्रेशनिझम'पासून सावध राहा असं बजावलं. त्याला हे लेबल कधीच आवडलं नाही, आणि त्याचं म्हणणं पटतं. १८९४ च्या 'फॉन' या त्याच्या ऑर्केस्ट्रा रचनेच्या सुरुवातीला फ्लूट एकटाच अर्धं सप्तक खाली सरकून परत वर येतो. पुढे सहावा बार (तालाचं एक आवर्तन) अख्खा शांततेचा. ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टिंपनी ठेवलेलेच नाहीत. यात धूसर काय आहे? सगळं मोजूनमापून केलेलं.

प्रश्न : देब्युसीशिवाय कुणाला ऐकावं? 'बोलेरो'पासून सुरुवात करू का?

उत्तर : 'बोलेरो'चा संगीतकार राव्हेल जरूर, पण त्याच्या 'झ द्यो'पासून (१९०१). पियानोवर पाण्याचे तुषार कसे उडतात ते तिथे कळेल. मग त्याचं 'दाफ्निस ए क्लोए'. पुढे रेस्पिगीचं रोमच्या कारंज्यांवरचं काम, फायाचं स्पेनमधल्या बागांवरचं, आणि लिली बुलांजे. १९१३ साली संगीतासाठीचा 'प्री द रोम' हा फ्रेंच पुरस्कार जिंकणारी ती पहिली स्त्री. 'बोलेरो' (१९२८) मात्र या यादीत बसत नाही: एकच ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत, ठसठशीत चाल, आणि सा जागेवरून हलतो तो अगदी शेवटाजवळ, तोही थोड्या वेळापुरता.