तपस्तब्धी : थांबतं ते काय?

मिरजेहून एका वाचकाने विचारलं आहे : शाळेच्या भूगोलात 'तपस्तब्धी' होतं, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'क्षोभसीमा' आलं. दोन्ही एकच का? आणि तिथे वारा स्तब्ध होतो म्हणून हे नाव पडलं का?

दोन्ही एकच : जमिनीलगतच्या हवेच्या थराची, म्हणजे तपांबराची, वरची सीमा. वाऱ्याचा तर्क मात्र चुकीचा आहे.

घाईत आपण 'तपस्-तब्धी' म्हणतो, मग उगाच तपश्चर्या आठवते. फोड 'तप + स्तब्धी' अशी आहे. हे तप 'तपमान'मधलं. उपलब्धवरून उपलब्धी, तशी स्तब्धवरून स्तब्धी. म्हणजे थांबतं ते तापमानाचं उतरणं. तपांबरात वर जावं तशी हवा किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते. महाबळेश्वर सांगलीपेक्षा सुमारे आठशे मीटर उंच, म्हणजे नुसत्या उंचीचा फरक पाच अंशांचा. असं उतरत उतरत एका उंचीवर तापमान उतरायचं थांबतं, आणि त्याच्या वरच्या थरात, स्थितांबरात, ओझोन अतिनील किरण शोषून हवा तापवतो. ही थांबण्याची उंची ध्रुवांकडे आठ-नऊ किलोमीटर, विषुववृत्ताजवळ सोळा ते अठरा. गंमत अशी, की सगळ्यात थंड तपस्तब्धी ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर असते, उणे ८० अंशांच्या आसपास. कारण तिथे हे उतरणं जास्त उंचीपर्यंत चालू राहतं.

फ्रान्सचे हवामानशास्त्रज्ञ तेसरां द बोर यांनी फुग्यांतून तापमापक वर पाठवून १९०२मध्ये हे जाहीर केलं. उन्हाने उपकरण तापत असेल अशी शंका होती, म्हणून त्यांनी रात्रीही फुगे सोडले. तपांबराचं ट्रोपोस्फिअर हे नाव त्यांचंच, आणि त्यातल्या ग्रीक 'ट्रोपोस'चा अर्थ वळणं, फिरणं. खालची हवा सतत ढवळली जाते, म्हणून ते नाव. तपांबराच्या दुसऱ्या मराठी नावातला, क्षोभावरणातला, 'क्षोभ' त्या अर्थाच्या जवळचा, क्षुब्ध सागरातला. पण मराठीत आज क्षोभ म्हटलं की आधी राग डोळ्यांसमोर येतो, लोकक्षोभ, प्रक्षोभ वगैरे. आभाळ कुणावर रागावलंय असं वाटतं. तपांबरवाल्यांनी ढवळणं सोडून तापमान धरलं. मला तेच जास्त पटतं, कारण तपस्तब्धी ठरवतातही तापमानावरूनच : घट किलोमीटरमागे दोन अंश किंवा त्याहून कमी झाली आणि वरच्या दोन किलोमीटरांतही सरासरीने तशीच राहिली, की तिथे ती सुरू होते.

आता वारा. तो तिथे थांबत तर नाहीच, उलट जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचे पट्टे, याच उंचीच्या आसपास वाहतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा असा प्रवाह हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिला. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो.

'स्तब्धी' खऱ्या अर्थाने लागू होते ती वर चढणाऱ्या ढगाला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर तासगाव, कवठे महांकाळकडे वळिवाचा ढग बघता बघता चढतो आणि फार वर गेला की त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी असते, तोवर ती चढते; तपस्तब्धीच्या वर भोवतालची हवाच गरम होत जाते, मग हिचा हलकेपणा संपतो. फार जोरदार ढगाचं टोक थोडं घुसतं आणि परत बसतं. गारपिटीचा धाक असलेल्या द्राक्ष बागाईतदाराला या शब्दाशी देणंघेणं नसेल, पण तो सपाट माथा त्याला बरोबर ओळखता येतो.

परीक्षेत दोन्ही शब्द चालावेत, फक्त जोड्या मोडू नका : तपांबर-तपस्तब्धी-स्थितांबर, नाहीतर क्षोभावरण-क्षोभसीमा-स्तरावरण. आणि लिहिताना 'ती तपस्तब्धी', स्त्रीलिंगी, शेवटची वेलांटी दीर्घ.